आधी मोडण्यासाठी बसवलेले भाग

ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखातून बाहेर पडताना पंखा पाण्याखालच्या खडपावर आपटला, की इंजिनाचा आवाज एकदम चढतो. होडी मात्र जागच्या जागी. तांडेल मूठ पिळतो, इंजिन किंचाळते, आणि पाठीमागे पाणी उसळत नाही. नवख्या माणसाला वाटते, गिअरबॉक्स गेला, आता मोठा खर्च बसला. पण लहान, विशेषतः जुन्या आउटबोर्ड इंजिनात, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनात, बहुधा तसे झालेले नसते. पंख्याच्या शाफ्टमध्ये आडवी बसवलेली, करंगळीहूनही बारीक अशी एक पिन तुटलेली असते. ती तुटावी म्हणूनच तिथे बसवलेली असते.

इंजिन मिनिटाला हजारो फेरे फिरत असते. त्या फेऱ्यांत पंख्याचे पाते दगडावर अडले की फिरणाऱ्या फ्लायव्हीलमधली सगळी ताकद एका क्षणात कुठेतरी जाऊन आदळणार. ती पंख्याच्या शाफ्टमधून शंकूच्या आकाराच्या दोन गिअरच्या दातांवर, तिथून उभ्या शाफ्टवर, आणि वर क्रँकशाफ्टपर्यंत जाऊ शकते. या साखळीतली सगळ्यात स्वस्त कडी कुठली असावी, हे इंजिन बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवले आहे. घरातल्या फ्यूजच्या तारेचे काम इथे पिन करते. ती मऊ धातूची असते, ठरावीक जाडीची असते, आणि ठरावीक जोराला कात्रीने कापल्यासारखी दुभंगते.

आउटबोर्डच्या किरकोळ दुरुस्तीचा विचार मी याच बाजूने करतो. पिन, रबरी बुश, ऑइल सील, पंपाचा इम्पेलर, जस्ताची वडी हे सगळे भाग स्वतः झिजून किंवा तुटून महागड्या भागांना वाचवतात. त्यांच्याकडे वेळेवर पाहिले आणि त्यांच्या जागी त्याच जातीचा भाग घातला, तर इंजिन वर्षानुवर्षे चालते. त्यांच्यापेक्षा ‘मजबूत’ काहीतरी घातले, तर पुढचा धक्का ज्याला बसायला नको त्यालाच बसतो.

तुटलेली पिन बदलायला पक्कड आणि पाच मिनिटे पुरतात. इंजिन बंद करायचे, मनगटाची सुरक्षा दोरी काढून क्लिप खिशात टाकायची, आणि प्लगची टोपीही उपटायची. पंखा हाताने फिरवला तर गिअरमध्ये असलेले इंजिन क्वचित सुरू होऊ शकते. पंख्यात बोट असताना ते परवडणारे नाही. मग इंजिन वर उचलायचे, स्प्लिट पिन सरळ करून ओढायची, टोपी किंवा नट काढायचा, पंखा मागे सरकवायचा. तुटलेल्या पिनीचा मधला तुकडा शाफ्टच्या भोकातच राहिलेला असतो. नवी पिन घालताना तोच दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. एक-दोन जादा पिना इंजिनाच्या झाकणाच्या आत टेपने चिकटवून ठेवाव्यात. डब्यात ठेवलेल्या पिना डब्यासकट घरी राहतात.

पिन नसेल तर लोक खिळा घालतात. खिळ्यावर हळूहळू किनारा गाठला, तर त्यात काही चूक नाही. पण पिनीच्या जागी कडक पोलादाचा तुकडा घालून, ‘आता तुटायची नाही’ असे समाधान मानून पुढचा सगळा हंगाम काढणारे पाहिले, की मला मनापासून वाईट वाटते. पुढच्या खडपावर पिन शाबूत राहील आणि गिअरचा दात जाईल.

मोठ्या इंजिनात, म्हणजे मच्छीमार होड्यांवर सर्रास दिसणाऱ्या चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनात, ही पिन नसते. तिथे पंख्याच्या पोटात रबरी बुश दाबून बसवलेला असतो. आतल्या पितळी नळीला खाचा असतात, त्या शाफ्टच्या खाचांत बसतात. नळी आणि पंखा यांच्यामध्ये फक्त रबर. धक्का बसला की रबर घसरते आणि गिअर वाचतात. रबर जुने झाले, की मात्र धक्क्याशिवायही घसरू लागते. सावकाश चालताना होडी ठीक चालते, मूठ पिळली की आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही. गिअरबॉक्सवर संशय घेण्याआधी एक साधी परीक्षा करावी. पंखा काढून आतल्या नळीपासून पंख्याच्या अंगापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची, पंखा परत बसवून जोर देऊन एक फेरी मारायची, आणि पंखा काढून रेघ पुन्हा पाहायची. रेघ तुटून दोन ठिकाणी गेली असेल तर बुश घसरतो आहे. नवा बुश दाबायला प्रेस लागते, ते काम वर्कशॉपचे. तोवर मूठ हलकी ठेवून घरी येता येते.

ही सगळी कामे किनाऱ्यावर, वाळूत बसून करता येतात, याचे श्रेय आउटबोर्डच्या मांडणीला द्यायला हवे. ओले एविनरूड हा 1877 साली नॉर्वेत जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेला कारागीर. मिलवॉकी शहरात त्याचे साचे बनवण्याचे दुकान होते. त्याच्या आधी कॅमेरॉन वॉटरमनने 1905 च्या सुमारास होडीच्या मागे लावायचे इंजिन चालवून दाखवले होते. एविनरूडने 1909 साली जे इंजिन तयार केले, त्यात सिलिंडर आडवा, क्रँकशाफ्ट उभा, खाली पाण्यात बुडालेल्या पेटीत दिशा बदलणारे गिअर आणि त्यांच्यापुढे पंखा, अशी रचना होती. आजच्या इंजिनाचे झाकण काढून पाहिले, तरी सांगाडा तोच दिसतो. एविनरूडच्या नावाची इंजिने पुढे शंभराहून अधिक वर्षे निघाली. 2020 साली बीआरपी या कॅनडातल्या कंपनीने त्यांचे उत्पादन थांबवले. या मांडणीमुळेच लहान इंजिनाचे दोन स्क्रू सैल केले की अख्खे यंत्र होडीवरून उतरते, आणि चार-सहा बोल्ट काढले की त्याचा खालचा पाय वेगळा होतो. होडीच्या पोटात बसवलेल्या डिझेल इंजिनाचा शाफ्ट पाहायचा तर होडी ओढून वर घ्यावी लागते. इथे माणूस इंजिन खांद्यावर टाकून माडाच्या सावलीत आणतो.

पंख्याच्या पात्यांचे म्हणायचे तर, ॲल्युमिनियमच्या पात्याच्या कडेला पडलेली खाच कानशीने घासून गुळगुळीत करावी आणि तिथेच थांबावे. खाचेपाशी पाणी फाटते. तिथला दाब इतका उतरतो की थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे उठतात, आणि ते पात्यावर फुटून धातू कोरत जातात. चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या टर्बाइनवर चालणाऱ्या जहाजाला 1894 च्या चाचण्यांत अपेक्षित वेग मिळेना तो याच बुडबुड्यांमुळे. लहान होडीवर त्याची खूण म्हणजे मुठीला येणारी थरथर. थोडे वाकलेले टोक लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ करता येते, पण ॲल्युमिनियम एकदा वाकून सरळ झाले की पुन्हा त्याच जागी चिरते. गॅसवर तापवून ठोकण्याच्या फंदात पडू नये. लोखंड लाल होऊन इशारा देते. ॲल्युमिनियम रंग न बदलता साडेसहाशे अंशांच्या पुढे एकदम ओघळते. पात्याच्या मुळाशी चीर दिसली, तर तो पंखा भंगारात द्यावा.

या सगळ्यापेक्षा जास्त इंजिने मारणारी गोष्ट दिसायला फार किरकोळ आहे: तंगूस. मासे पकडण्याचा नायलॉनचा पारदर्शक दोरा. कांडाळी जाळ्याचा फाटका तुकडा किंवा कुणीतरी टाकलेला गळ पंख्याजवळ आला, की शाफ्टभोवती गुंडाळला जातो. पंखा काही अडकत नाही, इंजिन चालत राहते, आणि कुणाला काही कळत नाही. तंगूस गिअरबॉक्स आणि पंखा यांच्यामधल्या फटीत शिरतो. तिथे ऑइल सील असते. बारीक रबरी ओठ शाफ्टला घट्ट टेकलेला असतो. आतले तेल आत आणि बाहेरचे पाणी बाहेर ठेवणे एवढेच त्याचे काम. फिरणाऱ्या शाफ्टवरचा नायलॉन घर्षणाने तापतो आणि तो ओठ कापतो. मग दर फेरीला थोडे थोडे खारे पाणी गिअरबॉक्समध्ये जात राहते.

मालवणच्या किनाऱ्यावर इंजिनाच्या पायाशी उकिडवा बसलेला जुना मिस्त्री, पोरगा पाना घेऊन आला की, म्हणतो, “पयलो तंगूस बघ रे, पंखो मगे.” त्या वाक्यात निम्मी देखभाल येते. पंखा काढला की शाफ्टवर एक जाड वॉशर दिसतो, त्याची एक बाजू निमुळती असते. तो कसा बसला होता हे लक्षात ठेवून बाजूला ठेवायचा. सगळे भाग फडक्यावर निघाले त्या क्रमाने मांडायचे, म्हणजे बसवताना डोके खाजवायला नको. आता शाफ्टवर बोट फिरवायचे. वरवर काहीच दिसत नाही. मग नखाने सीलच्या खोबणीत चाचपले की एक ताठ टोक लागते. ते चिमट्याने धरून ओढले की वेटोळे सुटू लागते: आधी हिरवट, मग वितळून एकमेकाला चिकटलेले, शेवटी काळे पडलेले. काही वेळा सुटत नाही, ब्लेडने उभे कापावे लागते. ब्लेड शाफ्टला समांतर धरावे, कारण शाफ्टवर पडलेला ओरखडा पुढच्या सीललाही कापणार.

तंगूस निघाला की प्रश्न उरतो, पाणी आत गेले का. याचे उत्तर गिअरबॉक्सच देतो. इंजिन रात्रभर उभे ठेवायचे. पाणी तेलापेक्षा जड, ते रात्रीत तळाशी बसते. सकाळी खाली भांडे धरून तळाचा स्क्रू किंचित सैल करायचा. पहिले थेंब सोनेरी किंवा काळपट, घट्ट तेलाचे असतील तर सील शाबूत आहे. आधी पाणी आले, किंवा सगळे तेलच दुधाळ निघाले, तर पाणी आत गेले आहे. स्क्रूच्या टोकाला बहुधा चुंबक असते, तेही पाहावे. त्यावरचा बारीक राखाडी लेप नेहमीचा. पण बोटाला टोचणारे तुकडे मिळाले, तर ते गिअरच्या दातांचे असतात. किनाऱ्यावरची दुरुस्ती तिथेच संपली.

गिअर ऑइल बदलताना होणारी एक चूक सगळीकडे दिसते. लोक वरच्या भोकातून तेल ओततात. तेल घट्ट असते, आत हवेचा बुडबुडा अडकतो, भोक भरलेले दिसते आणि पेटी अर्धी रिकामी राहते. रीत अशी आहे: वरचा आणि खालचा दोन्ही स्क्रू काढायचे, जुने तेल पूर्ण निथळू द्यायचे, आणि नवे तेल खालच्या भोकातून दाबून भरायचे. ते वर चढत जाते, हवा पुढे ढकलते, आणि वरच्या भोकातून बुडबुडा न येता तेल ओघळू लागले की पेटी भरली. मग आधी वरचा स्क्रू लावायचा, नंतर खालची नळी काढून चटकन खालचा. वरचे भोक बंद असल्यामुळे खालून फार तेल गळत नाही. दोन्ही स्क्रूंखालचे वॉशर दर वेळी नवे घालावेत. ते काही रुपयांचे असतात आणि जुने वॉशर पाणी आत सोडतात. कित्येकदा सील निर्दोष असते आणि दोष त्या वॉशरचाच निघतो.

सील बदलणे ही त्यापुढची पायरी. बेअरिंगचे घर बाहेर ओढावे लागते, आणि खाऱ्या पाण्यात वापरलेल्या इंजिनात ते मिठाने असे चिकटून बसलेले असते की ओढायच्या हत्याराशिवाय, म्हणजे पुलरशिवाय, हलत नाही. ज्याच्याकडे पुलर आहे आणि ज्याने एकदा जवळ बसून पाहिले आहे, त्यानेच करावे. सगळ्यांनी करण्यासारखे काम वेगळे आहे: हंगामात अधूनमधून पंखा काढणे, तंगूस पाहणे, शाफ्टच्या खाचांना पाण्यात न धुपणारे ग्रीस लावणे, आणि नवी स्प्लिट पिन घालून पंखा बसवणे.

आता थंडाव्याकडे वळू. इंजिन चालू असताना मागच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार पडत असते. ज्याला इंजिनाची सवय आहे त्याची नजर मधूनमधून आपोआप तिकडे जाते. धार थांबली तर इंजिन लगेच बंद करायचे. पण लगेच पंप गेला असे धरून चालू नये. पाणी ओढण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसलेली असू शकते. इंजिन वर उचलले की दिसते. नाहीतर धारेचे भोकच बुजलेले असते. जाड तंगुसाचा तुकडा, जो एरवी शत्रू, तो इथे कामाला येतो; भोकात घालून पुढे-मागे करायचा. पावसाळाभर ठेवलेल्या इंजिनात या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असते. कोकणात हे नित्याचे.

भोक मोकळे असूनही धार बारीक असेल, तर इम्पेलर पाहायला हवा. हे सहा-आठ पाकळ्यांचे रबरी चाक. ते किंचित एका बाजूला सरकवलेल्या डब्यात फिरते, त्यामुळे पाकळ्या एकीकडे दबतात, दुसरीकडे उघडतात, आणि पाणी वर ढकलले जाते. पाणीच त्याचे वंगण. किनाऱ्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून कोरडे इंजिन काही सेकंद चालवले, तरी रबर भाजते. गढूळ खाडीत वाळूने पाकळ्या झिजतात. आणि इंजिन महिनोन्महिने पडून राहिले, तर दबलेल्या पाकळ्या तशाच वाकून राहतात.

इम्पेलर उभ्या शाफ्टवर, खालच्या पायाच्या माथ्यावर बसलेला असतो. त्यासाठी पाय उतरवावा लागतो. बोल्ट मोजावेत आणि सगळे निघाल्याशिवाय ओढू नये. काही इंजिनांत एक बोल्ट पंख्यावरच्या छोट्या शेपटीखाली दडलेला असतो. ती शेपटी काढण्याआधी तिची दिशा खिळ्याने रेघ मारून ठेवावी, कारण होडी एका बाजूला ओढू नये म्हणून ती मुद्दाम तिरकी लावलेली असते. गिअरचा दांडा सोडवला की पाय खाली येतो. पंपाचा डबा उघडल्यावर एखादी पाकळी तुटलेली दिसली, तर नवा इम्पेलर बसवण्याआधी तो तुकडा शोधायचाच. तो पाण्याबरोबर वर गेलेला असतो आणि नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी अडकून बसतो. नवा इम्पेलर घातला तरी इंजिन तापतेच, अशा तक्रारींत बहुधा हाच तुकडा असतो.

बसवताना इम्पेलरला साबणाचे पाणी लावायचे आणि डबा खाली दाबत शाफ्ट फिरत्या दिशेने फिरवायचा. बहुतेक इंजिनांत वरून पाहिले तर ती घड्याळाच्या काट्यांची दिशा. पाकळ्या मागे झुकून बसतात. त्यानंतर शाफ्ट उलटा फिरवू नये. इम्पेलरला शाफ्टशी जखडणारी छोटी चावी ग्रीसच्या ठिपक्याने जागेवर चिकटवली की घरंगळत नाही. शाफ्टच्या वरच्या टोकाला खाचांत ग्रीस लावायचे, माथ्यावर नाही. माथ्यावरचे ग्रीस आंधळ्या भोकात कोंडते आणि पाय शेवटचा अर्धा सेंटिमीटर वर चढत नाही. मग माणूस बोल्ट आवळून तो चढवायला जातो आणि कास्टिंग फुटते. हाताने दाबून पाय पूर्ण बसला, तरच बोल्टला पाना लावावा.

जस्ताची वडी हा या सगळ्या भागांतला सर्वात शांत. गंजायचे तेवढे स्वतः गंजायचे, बाकीच्यांना राखायचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात ॲल्युमिनियमचा पाय, स्टेनलेसचा शाफ्ट आणि पितळी नळ्या एकमेकांना जोडून बुडवल्या, की विजेचा घट तयार होतो, आणि त्यात ॲल्युमिनियम विरघळू लागते. ॲल्युमिनियमपेक्षाही चटकन विरघळणारा धातू जोडला, तर तो आधी जातो.

ही युक्ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्र ते खाऊन टाकत असे. डेव्हीने 1824 साली रॉयल सोसायटीपुढे दाखवून दिले, की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला की तांबे खाल्ले जात नाही. त्याच वर्षी ‘समारंग’ या जहाजावर लोखंडाचे तुकडे बसवून पाहिले. हे जहाज आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, कोचीनला सागवानात बांधलेले. तांबे खरोखर वाचले. पण विरघळणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच आजवर तळाला शिंपले आणि शेवाळ धरत नव्हते. तांबे विरघळणे थांबले, तशी ती वाढ फोफावली आणि जहाजे मंदावली. आरमाराने तो प्रयोग सोडला. त्याच प्रयोगातले तत्त्व आज प्रत्येक आउटबोर्डच्या पायाला बोल्टने लावलेले असते.

वडी निम्म्याच्या आसपास उरली की बदलावी. पूर्ण संपेपर्यंत थांबलात, तर मधल्या काळात पायाचे ॲल्युमिनियम गेलेले असते. नवी लावताना खालचा रंग आणि पांढरी भुकटी खरवडून धातूला धातू टेकला पाहिजे, नाहीतर ती नुसती टांगलेली राहते. इंजिन रंगवताना वडीवरही ब्रश फिरवला जातो, हे तर सर्रास दिसते. रंगवलेली वडी काही कामाची नाही. नवीकोरी दिसणारी, वर्षभर न झिजलेली वडी पाहून आनंद मानू नये, जोडणी तपासावी. धरणात, नदीत चालणाऱ्या इंजिनाला मात्र जस्त उपयोगी पडत नाही. गोड्या पाण्यात त्यावर साय धरते आणि ते निजते. तिथे मॅग्नेशियमची वडी लागते. आणि होडीच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून लावतात तो तांबेयुक्त रंग इंजिनाच्या पायाला कधीही लावू नये.

पेट्रोलच्या तक्रारी बहुतेक वेळा इंजिनाच्या नसतातच. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला, की इंजिन चालू होते, थोडे अंतर जाते आणि मरते. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून कडक होत नसेल, तर जोड सैल आहे किंवा फुग्यातला पडदा गेला आहे. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे असावा. टू-स्ट्रोक इंजिनाला पन्नासास एक प्रमाण सांगितले असेल, तर 20 लिटर पेट्रोलला 400 मिलिलिटर तेल, आणि तेल आउटबोर्डचेच, दुचाकीचे नव्हे.

इथे एक नवी गोष्ट सांगायला हवी. 2023 पासून आपल्याकडे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने सगळीकडे आले. इथेनॉल पाणी ओढते. दमट किनाऱ्यावर, अर्ध्या रिकाम्या टाकीत ते हळूहळू पाणी धरत जाते, आणि एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त घातक, कारण मिसळलेले तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहते आणि नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनात जाते ते तेलाशिवायचे. कालवलेले पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नये. फिल्टरच्या पारदर्शक वाटीत खाली वेगळा थर दिसला, तर टाकी रिकामी करावी. कार्बोरेटरच्या जेटमध्ये राळ साचली असेल, तर तो क्लीनरने आणि हवेने साफ करावा, तारेने नव्हे. पितळेचे भोक तारेने वाढते आणि मग इंजिन कधीच नीट चालत नाही.

इंजिन पाण्यात पडले तर? क्लँप सैल राहिल्याने, लाटेने, किंवा उतरवताना हात सुटून असे होते. ते बाहेर काढून लगेच दोरी ओढणे ही सगळ्यात मोठी चूक. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आणला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी गोड्या पाण्याने धुवायचे, प्लग काढायचे, प्लगची भोके खाली करून पाणी निथळू द्यायचे. फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून पाहायचे. कुठे अडत असेल किंवा वाळू करकरत असेल तर जोर करू नये. मोकळे फिरत असेल, तर सिलिंडरमध्ये तेल सोडून पुन्हा फिरवायचे, कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी रिकामी करायची, कोरडे प्लग घालून चालू करायचे. चालू झाल्यावर लगेच बंद करू नये, चांगला तासभर चालू द्यावे, म्हणजे आतली ओल जाते. हे सगळे दोन-तीन तासांच्या आत व्हायला हवे. मिस्त्री उद्या येणार असेल, तर इंजिन वाळत न ठेवता गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवावे. लोकांना हे उलटे वाटते, पण बेअरिंगला खरा गंज चढतो तो ओलाव्यावर हवा लागली की.

आणखी एका जागी ही इंजिने आपल्या जिवाभावाची आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला, तेव्हा माणसे बाहेर काढली गेली ती रबरी बोटींतून, आणि त्या बोटींना ओढणारी यंत्रे ही होती. पुराचे पाणी इंजिनाला समुद्रापेक्षा वाईट. त्यात जलपर्णी असते, कुंपणाची तार असते, साड्या असतात, आणि गाळ तर असतोच. पण पुराच्या बोटीचे इंजिन बंद पडण्याचे बीज बहुधा आधीच्या दहा महिन्यांत, गोदामात पेरले गेलेले असते: दबून राहिलेल्या पाकळ्या, राळ झालेले पेट्रोल, कुंभारणीने बुजवलेली धार. म्हणून मे महिन्यातच ही इंजिने बाहेर काढावीत. पिंपात गोडे पाणी भरून त्यात पाय बुडवावा, ताजे पेट्रोल कालवावे, आणि इंजिन नुसते ‘चालू होते’ एवढ्यावर न थांबता दहा-पंधरा मिनिटे चालवावे. सुरुवातीला धार गार असते. इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आतल्या वाटा धुतल्या जात नाहीत. मग ताजे प्लग, आणि एक जादा जोडी तेलकट कागदात गुंडाळून झाकणाखाली. ओढायची दोरी पूर्ण बाहेर काढून तिचे विरलेले टोक शोधावे, कारण ती नेमकी पुरातच तुटते. तुटली तर वरचे आवरण काढून फ्लायव्हीलच्या खाचेत गाठ अडकवून दुसऱ्या दोरीने इंजिन चालू करता येते. ती दोरी, मापाची आणि गाठ मारलेली, बोटीतच हवी. अशा वेळी गिअरमध्ये चालू होऊ न देणारी सोय काम करत नाही, म्हणून इंजिन न्यूट्रलमध्ये आहे हे हाताने तपासूनच दोरी ओढावी. बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा कोरड्या जमिनीवर, प्लगच्या टोप्या काढून, करून पाहिलेले असावे.